ती तारीख तू तशीच राहू दिलीस

शाहीन,

तुझ्या खालानं मला विचारलं, "बेटी, अपनी शाहीन काम क्या करती थी, नेमकं?" आणि बाई, मला सांगता येईना. एवढी वर्षं एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसून भांडलो, एकाच डब्यातलं खाल्लं, आणि एका साध्या प्रश्नाला उत्तर नाही. शेवटी म्हटलं, "व्हिडिओचं काम." खालाचा चेहरा उजळला. "हां हां, शादी की शूटिंग!" मी मान हलवली. काय करणार होते? घरात मयत झालेली, बायका सतरंजीवर बसलेल्या, कोपऱ्यात कोणी कुराणाचा सिपारा पढत होतं. तिथं मी काय प्रोटोकॉल समजावून सांगू? तर आता सगळ्या अकोल्याच्या लेखी तू लग्नाच्या शूटिंगवाली होतीस. भोग आता आपल्या कर्माची फळं. दहादा म्हटलं होतं, घरी नीट सांगून ठेव.

अमरावतीला परत आल्यापासून ते मला टोचून राहिलंय. म्हणून लिहायला बसले. खालाला नाही, तुलाच सांगते तू काय करत होतीस ते. कारण तुला तरी कुठं कळलं होतं? काहीही विचारलं की तुझं आपलं ठरलेलं, "काई नाई व नंदा, जरासं बिल्ड होतं."

जरासं बिल्ड! तुझ्या तोंडाले कुलूप लावलं पाहिजे होतं एखाद्या वेळी.

ती वर्षं कशी होती हे वऱ्हाडातल्या माणसाला सांगायची गरज नाही. पेपर उघडला की पहिलं पान आपल्याच जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांच्या मयतींचं. बाहेरून कॅमेरेवाले यायचे, ओसरीवर बाईला बसवायचे, मागे नवऱ्याचा फोटो टांगायचे, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं की कॅमेरा जवळ न्यायचे. आपल्या डॉक्टरबाईंना त्याची भयंकर चीड. मनाच्या आजाराच्या डॉक्टर त्या. अमरावतीला आपल्या वरच्याच मजल्यावर दवाखान्यात बसून त्या नांदगाव खंडेश्वरपासून हिवरखेडपर्यंतच्या बायांशी टॅबलेटवर बोलायच्या. त्या म्हणायच्या, "बाईले कॅमेऱ्यापुढं रडवणारे लय आहेत. मले तिचं ऐकायचं हाये, अन् दुसऱ्या कोणी ऐकलं नाई पाहिजे." बचत गटातल्या एखाद्या बाईच्या घरी टॅबलेट ठेवलेलं असायचं, गल्लीतल्या बाया तिथं येऊन बोलायच्या. डॉक्टरबाईंचं चित्र इकडून तिकडं जायचं, बाईचं तिकडून इकडं यायचं. ही दोन्ही चित्रं नीट पोचवायची, एवढं आपलं काम.

आणि ती उघड्यावरून जात होती, शाहीन. पोस्टकार्डासारखी. आपल्या दोघींनाही त्यात काही वावगं दिसलं नव्हतं, कारण तेव्हा सगळ्यांचंच तसं चालायचं. मग एका गावात ते घडलं. नेटची लाइन पुरवणाऱ्या माणसानं मधल्या मधे चित्र पकडलं. एका बाईनं डॉक्टरबाईंना सासऱ्याबद्दल जे सांगितलं होतं, ते दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर पोचलं. ती बाई माहेरी निघून गेली. नंतर आजूबाजूच्या गावांतून बायका यायच्याच बंद झाल्या. टॅबलेट सुरू, डॉक्टरबाई पदर सावरून कॅमेऱ्यापुढे, आणि समोर रिकामी खुर्ची.

मी त्या नेटवाल्याला फोनवर असं झाडलं, असं झाडलं, की खालचा झेरॉक्सवाला काय झालं म्हणून वर आला. तू माझ्या हातातून फोन घेतलास आणि ठेवून दिलास.

"त्याले कायले शिव्या देते? दार त्यानं नाई उघडं ठेवलं. आपण ठेवलं."

"मंग आता?"

"मंग आता दार बसवू."

तुझा तो स्वर मला माहीत होता. बाजारात आलू आणायला निघाल्यासारखा. अन् पुढं महिनोन्महिने माझा जीव खायची तयारी.

खालाला मी हे असं सांगितलं असतं, ती ऐकत असती तर. व्हिडिओ चालवायला एक लायब्ररी लागते. पुस्तकांची नाही. जगातल्या हुशार लोकांनी लिहून सगळ्यांसाठी खुला ठेवलेला कोड. तो उचलायचा आणि आपल्या टॅबलेटच्या मापानं घडवून घ्यायचा, त्याला बिल्ड म्हणायचं. घडवताना काय काय हवं ते आधी सांगावं लागतं. आपण सुरुवातीला घडवली तेव्हा कुलूपबंद रस्त्यानं चित्र न्यायची सोय मागितलीच नव्हती. त्यामुळं आता सुरक्षित पत्ता दिला की ती लायब्ररी खुशाल सांगायची, असा प्रोटोकॉल, म्हणजे ने-आणीची अशी रीत, मला ठाऊक नाही. मला वाटलं, एक तुकडा वरून जोडून देऊ. तू हसलीस. तुझे अब्बू शेरवान्या शिवायचे. तू म्हणालीस, "अस्तर वरून लागत नाई, येडे. सगळं उसवा लागते."

आणि उसवलंस. सगळं. कुलुपाची लायब्ररी वेगळी आणलीस, ती आधी घडवलीस, मग व्हिडिओची लायब्ररी तिच्यासोबत घडवायला घेतलीस. ती म्हणे, कुलूप सापडत नाही. डोळ्यासमोर फोल्डरमध्ये पडलेलं कुलूप, आणि ही म्हणे सापडत नाही! मी तर कपाळ बडवून घेतलं. तू चहा प्यालीस, नखं खाल्लीस, आणि तुला दिसलं की कुलूप तुझ्या लॅपटॉपच्या मापाचं घडलंय, टॅबलेटच्या मापाचं नाही. पुन्हा उसव. ते जमलं तर ॲप एवढं फुगलं की गावातल्या नेटवरून उतरेना. मग नको असलेले भाग काढत बसलीस, एकेक, गव्हातले खडे निवडल्यासारखे. मधे मी दोनदा सोडून द्यायचं म्हटलं. एकदा तर जोरात म्हटलं. तू ऐकलंच नाही असं दाखवलंस, आणि संध्याकाळी बडनेऱ्याहून अकोल्याची गाडी पकडायला पर्स उचलताना म्हणालीस, "उद्या डब्यात मेथी आण."

शेवटी चाललं. डॉक्टरबाई आणि त्यांच्यासमोरची बाई, दोघींच्या मधे बंद दार. मधल्या माणसानं चित्र पकडलं तरी हाती नुसता कचरा. गावागावांत जाऊन मी बायांना सांगितलं, आता कोणी पाहू शकत नाही. माझ्यावर कोण विश्वास ठेवणार? पण एकीनं ठेवला, मग दुसरीनं. खुर्च्या भरायला लागल्या.

आणि तेव्हाच ते विचित्र सुरू झालं. काही घरांतून जोडणीच होईना. कुठं नांदगावकडचं एखादं घर, कुठं अकोटकडचं. टॅबलेट तेच, ॲप तेच, शेजारच्या गावात चालतंय आणि इथं म्हणतंय, समोरच्याचं ओळखपत्र मान्य नाही. सुरक्षित रस्त्यावर आधी समोरच्या मशीननं ओळखपत्र दाखवायचं असतं, म्हणजे भलताच कोणी डॉक्टरबाईंचं सोंग घेऊन बसणार नाही. ते तपासलं की दार उघडतं. या घरांत तपासणीतच गाडं अडायचं.

आता माझं ऐक. मी जे सुचवलं ते अर्धं जग करतं. तपासणी बंद करायची. एक ओळ. कुलूप राहतं, फक्त ओळखपत्र विचारायचं नाही. तेव्हाही मी तुला हेच म्हटलं, आणि तू खुर्चीवरून उठलीस.

"म्हणजे दार बंद, कडी लावलेली, अन् कोण हाये म्हून विचारायचं नाई? जो ठोकन त्याले घरात घ्यायचं?"

"अव पण बाया ताटकळून राहिल्या ना!"

"राहू दे. मी पाह्यते काहून होऊन राह्यलं ते."

"कुठी पाह्यते? इथी बसून?"

"नाई. तथी जाऊन."

मग आपण हिवरखेडला गेलो. एसटीनं अकोट, तिथून पुढं खड्ड्यांतून. रस्ताभर आपण एकमेकींशी बोललो नाही, इतकं भांडण झालं होतं. रेखाचं घर गावाच्या कडेला. रेखा बचत गटातली, टॅबलेट तिच्याकडं असायचं, स्वतः कधी डॉक्टरबाईंशी बोलली नव्हती. दुसऱ्यांना बसवून द्यायची आणि बाहेर भाजी निवडत बसायची. महिनाही झाला नव्हता, तिचा नवरा गेला. कसा गेला ते मी लिहीत नाही. त्या वर्षांत आपल्याकडं विचारतही नव्हते. आता डॉक्टरबाईंनी तिच्यासाठीच वेळ काढून ठेवला होता, संध्याकाळी पाचपर्यंत, आणि जोडणी होत नव्हती. रेखा जेवत नव्हती. कोणाशी बोलत नव्हती. तिच्या जावेनं मला फोनवर सांगितलं होतं, "ताई, थे विहिरीकडं पाहत बसते." म्हणून माझा जीव खालीवर होत होता, शाहीन. म्हणून मी त्या एका ओळीवर अडून बसले होते. हे तुला माहीत होतं. तरी तू हटली नाहीस.

घरात शिरल्यावर तू काय पाहिलंस? मी पाहिलं मेलेल्या माणसाचं घर. तू पाहिलंस की टीव्हीवर चादर टाकलेली आहे.

"अम्मा, टीव्ही खराब झाला का?" तू रेखाच्या सासूला विचारलंस.

म्हातारी म्हणाली, "नाई माय. मयतीच्या घरात डबडं बोलू देत नाई. तेरवी झाली तरी मनच नाई झालं चादर काढाचं."

"अन् टॅबलेट?"

"थेबी डबडंच ना. फडक्यात बांधून वर ठेवलं होतं. काल काढलं तुमचा फोन आला तवा."

तू माझ्याकडं पाहिलंस. मी कुणब्याची लेक. माझ्या घरी मयत झाली तेव्हा आम्हीही रेडिओ फडक्यात बांधला होता. सगळं मला पाठ. पण ते ऐकून माझ्या डोक्यात काही हललं नाही, आणि तू अकोल्याच्या शिंप्याची पोरगी, तुझ्या डोक्यात सगळं एका रेषेत आलं. टॅबलेट बांधून ठेवलं, बॅटरी पार उतरली. बॅटरी उतरली की ते स्वस्तातलं टॅबलेट घड्याळ विसरायचं आणि कारखान्यातून निघालं त्या तारखेवर जाऊन बसायचं. नेटवरून वेळ विचारून घ्यायची अक्कल त्याला नव्हती. आणि ओळखपत्रावर लिहिलेलं असतं, अमुक दिवसापासून चालेल. टॅबलेटच्या हिशोबानं तो दिवस अजून उगवलाच नव्हता.

म्हणजे ज्या घरात माणूस जाई, नेमकं त्याच घराला आपलं दार बाहेर ठेवत होतं. नांदगावकडचं ते घर, अकोटकडचं ते. मी मनातल्या मनात एकेक घर आठवलं. प्रत्येक घरी नुकतीच मयत झाली होती. सगळ्यात जास्त गरज जिला, तिलाच आपण म्हणत होतो, तुझं मान्य नाही. आणि हे ना सर्व्हरवर दिसणार होतं, ना कोडात. ते एका चादरीखाली होतं.

मला हायसं वाटलं. सोपंच होतं की. तारीख बदलायची, झालं. मी टॅबलेट हातात घेतलं. रेखा आतापर्यंत भिंतीला टेकून गप्प बसली होती. ती पुढं आली. स्क्रीनच्या कोपऱ्यात जुनी तारीख होती, काही वर्षांपूर्वीची. रेखानं तिथं बोट ठेवलं.

"ह्या तारखेले हे होते," ती म्हणाली.

आणि मग अगदी हळू, "राहू द्या ना ताई तशीच."

मी हसले नाही, पण मनात म्हटलं, बाई, असं कसं राहू देऊ? तारीख बदलल्याशिवाय डॉक्टरबाई दिसणार नाहीत. तिला समजावावं म्हणून मी तोंड उघडलं. तेवढ्यात तू टॅबलेट माझ्या हातातून काढून घेतलंस, तिच्या मांडीवर ठेवलंस आणि ओसरीवर जाऊन लॅपटॉप उघडलास.

मी मागोमाग आले. "काय करून राह्यली तू?"

"बिल्ड."

"अव, एका बोटाचं काम हाये ते! तारीख बदल अन् मोकळी हो!"

"तिची हाये थे तारीख."

"पाच वाजेपर्यंतच डॉक्टरबाई बसतीन, शाहीन!"

"म्हून तर म्हणते, बोलू नको."

मला आजही सांगता येत नाही की त्या घडीला मी तुझा गळा दाबला असता की पाया पडले असते. दोन्ही मनात आलं. दुपारची लाइट गेलेली, तुझ्या लॅपटॉपची बॅटरी उतरत चाललेली. ओसरीवर ऊन, स्क्रीनचा उजेड कमी केलेला, काही दिसेना. तू ओढणी डोक्यावरून पुढं ओढलीस आणि स्क्रीनही तिच्यातच घेतलास. बाहेरून नुसती एक हिरवी ओढणी, आणि आत टकटक. गल्लीतल्या बाया पाहत होत्या. एकीनं मला विचारलं, "दुवा करून राह्यल्या का त्या?" मी म्हटलं, "हाव."

तू काय केलंस ते मला आधी कळलं नाही. कळलं तेव्हा मी पायरीवर बसूनच राहिले. तू लायब्ररीला तिचा स्वतःचा जन्मदिवस शिकवलास. ती ज्या दिवशी घडली, त्याच्या आधीचा दिवस तिच्यासाठी असूच शकत नाही, कारण ती स्वतःच तेव्हा नव्हती. मग घड्याळ त्याच्या मागची तारीख सांगत असेल, तर ओळखपत्र तपासताना घड्याळाचं ऐकायचं नाही, आपला जन्मदिवस धरायचा. बस, एवढंच. ओळखपत्राची तपासणी जशीच्या तशी. कुलूप जसंच्या तसं. आणि वर कोपऱ्यात रेखाची तारीख जशीच्या तशी. मी एका ओळीत दार सताड उघडायला निघाले होते, आणि तू काही ओळींत दारही ठेवलंस आणि त्या तारखेत तिचा नवराही ठेवलास. टॅबलेटच्या हिशोबानं तो अजून काही वर्षं जगणार होता.

पहिला प्रयत्न फसला, हेही सांगून टाकते, नाहीतर तू म्हणशील नंदा माझी आरती ओवाळते. घाईत तू पुन्हा लॅपटॉपच्याच मापाचं घडवलंस. तीच चूक, बाई, तीच! तू ओढणीतून तोंड बाहेर काढून एक अशी शिवी हासडलीस की रेखाची सासू गोठ्यातून पाहायला आली. दुसऱ्यांदा नीट झालं. वायर लावून टॅबलेटवर चढवलं. तुझ्या लॅपटॉपनं लगेच मान टाकली.

डॉक्टरबाई दिसल्या. स्क्रीनवर त्यांचा चेहरा, चष्मा, मागचं हिरवट कपाट. रेखानं टॅबलेट दोन्ही हातांत धरलं. तू तिला आतल्या खोलीत बसवलंस, खिडकी ओढलीस, आणि आम्हा सगळ्यांना, मला, सासूला, जावेला, गल्लीतल्या बायांना, गोठ्याच्या पलीकडं घेऊन गेलीस. तिथून आवाजसुद्धा येत नव्हता. तू म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत उभी होतीस आणि सासूला विचारत होतीस, दूध किती देते. मी तुझ्याकडं पाहत होते. माझ्या ओळखीची बाई, मेथी आण म्हणणारी, नखं खाणारी, गाडी चुकली की रडकुंडीला येणारी. आणि मला वाटलं, अरे बाप्पा, ही कोण आहे? मी कोणासोबत एवढी वर्षं डबा खाल्ला?

परतीच्या एसटीत मी तुला एवढंच म्हटलं, "चांगलं केलं." तू खिडकीला डोकं टेकून झोपली होतीस. तेव्हा पुन्हा सांगायचं राहिलं, आणि नंतर तर आपल्याला भांडायलाच वेळ पुरत नव्हता.

ते जपून ठेवण्यावरचं भांडण अजून संपलेलं नाही, हं. तू गेलीस म्हणून मी हरले असं समजू नको. माझं म्हणणं अजूनही तेच आहे. ज्या मशीनमधून दोन्ही चित्रं जायची, त्या मधल्या आपल्या मशीनवर थोडं तरी जपून ठेवायला हवं होतं. एखादी बाई म्हणाली, मी उद्या जीव देते, आणि तेवढ्यात लाइन तुटली, तर? कोणाला कळणार? तू त्या मशीनवर एक खिडकीसुद्धा ठेवली नाहीस. चित्र इकडून आलं की तिकडं गेलं, मागं काही नाही. तू म्हणायचीस, "ऐकणारी एकच पाहिजे नंदा. दुसरी आली का त्याची सभा होते." मी म्हणायचे, जीव मोठा की सभा? तू म्हणायचीस, सभा झाली तर ती जीवाचं बोलणारच नाही. मागच्या जुम्म्याला फोनवर पुन्हा हेच. मी आवाज चढवला. तू म्हणालीस, "डोकं लय ठणकून राह्यलं व. उद्या भांडू." आणि मी, रागातच, "हाव, उद्या," म्हणून फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी तुझ्या भावाचा फोन आला.

मला तुझा राग येतो, शाहीन. खरंच येतो. एवढ्या गावांतल्या एवढ्या बायांचं बोलणं तू झाकून ठेवलंस आणि स्वतःच्या डोक्यातलं दुखणं कोणाला दाखवलं नाहीस. डॉक्टरबाई एका जिन्यावर होत्या. एक हाक मारायची होती.

तर अकोल्याचं सांगत होते. तिसऱ्या दिवशी मी पुन्हा तुझ्या घरी गेले. खालानं मला आतल्या खोलीत बसवलं, तुझ्या कपड्यांच्या पेटीजवळ. खोली बायकांनी भरलेली. त्या सगळ्या माझ्याकडं पाहत होत्या. प्रेमानंच, पण पाहत होत्या. खाला पाठीवरून हात फिरवत सारखी म्हणत होती, "रो ले बेटी, जी हलका होगा." मला रडू येईना. मला लाज वाटायला लागली, की या म्हणत असतील, कसली मैत्रीण, डोळ्यांत टिपूस नाही.

दुपारी दारात रेखा उभी राहिली. हिवरखेडहून एकटी आलेली, पदर डोक्यावर, कोणालाच ओळखत नव्हती. मला पाहून ती माझ्याजवळ येऊन बसली. मग तिनं विचारलं, "थ्या दिवशी मी डॉक्टरबाईले काय बोलली, तुमाले ठावूक हाये?"

"नाई," मी म्हटलं. "आमाले दिसत नव्हतं. तिनं तसं ठेवलंच नव्हतं."

"तिनंबी कधी नाई विचारलं. एवढ्यांदा आली घरी, पण नाई विचारलं."

मला विचारायचं होतं. तू मला ओळखतेस, मला सगळं विचारायचं असतं. त्या ओसरीवरच्या दुपारीनं काय वाचवलं, हे मला जाणून घ्यायचं होतं. पण तुझी आण, मी म्हटलं, "सांगू नको रेखा. तुझं तुझ्याजवळ राहू दे."

ती आणखी जवळ सरकली. मग म्हणाली, "काईच नाई बोलली ताई मी. एक शब्द नाई. तेरवीपर्यंत सारं गाव माह्या डोळ्याकडं पाहे. ही रडते का नाई, किती रडते. पेपरवाले आले, थेबी पाहत. मले रडूच नाई आलं. थ्या दिवशी खोलीत कोणी नाई, खिडकी लावलेली, डॉक्टरबाईनं सांगतलं, तुले कोणीच पाहत नाई, मी बी मान खाली घालते. अन् मंग मी रडली. लाइन बंद होईपर्यंत नुसती रडली."

खाला पुन्हा म्हणाली, "रो ले बेटी." सगळ्या खोलीचे डोळे माझ्यावर.

रेखा उठली. खालाच्या खांद्याला हात लावून म्हणाली, "चला अम्मा, अंगणात बसू. लय गरम होऊन राह्यलं अथी. चला व बायाहो." तिची भाषा निम्म्यांना कळली, निम्म्यांना नाही, पण तिनं हात धरून एकेकीला उठवलं. सगळ्यांत शेवटी ती स्वतः बाहेर गेली. जाताना तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. दार ओढून घेतलं.

मग मी रडले, शाहीन. कोणी पाहिलं नाही.